फोटो पुरा कधी होतो?

गेल्या दिवाळीत भाच्याने आमच्या वडिलांच्या कपाटातला जुना याशिका कॅमेरा बाहेर काढला. नवे सेल घातले, मुंबईहून रोल मागवला, चार दिवस जपून जपून छत्तीस फोटो काढले आणि रोल कुरिअरने लॅबकडे पाठवून दिला. आठवड्याभराने त्याच्या मोबाईलवर स्कॅन आले. फोटो चांगलेच होते. फराळाच्या ताटावर पडलेला खिडकीतला उजेड, आजीच्या हातांवरच्या शिरा, रांगोळी काढून दमलेली, पायरीवर बसलेली त्याची बहीण. मी विचारलं, "निगेटिव्ह कुठे आहेत?"

"लॅबकडेच असतील, मामा. परत मागवायच्या तर कुरिअरचे वेगळे पैसे पडतात."

"आणि प्रिंट?"

"प्रिंट कशाला? सगळे फोटो आहेत की मोबाईलमध्ये."

त्याच्या हौसेचं मला कौतुक आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला आज रोलही परवडत नाही आणि तो धुऊन घेणंही. तरीही हा मुलगा हट्टाने फिल्मवर फोटो काढतो, ही मला आनंदाचीच गोष्ट वाटते. पण त्याने जे केलं त्याला मी फिल्मवरची छायाचित्रकला म्हणणार नाही. उजेड फिल्मवर पडला हे खरं. पुढे स्कॅनरने त्याचे आकडे केले, ते आकडे मोबाईलच्या काचेवर उमटले आणि अंगठ्याने वर सरकवले गेले. फिल्मवरून जी वस्तू हाती यायची ती आलीच नाही. शिवाय जी एकमेव वस्तू तयार झाली होती, ती निगेटिव्ह, परक्या माणसाच्या खोक्यात राहिली.

फिल्म की डिजिटल हा वाद आपण चुकीच्या जागी घालतो, असं माझं मत आहे. वाद कॅमेऱ्यांवर होतो. फिल्मचे दाणे गोड की सेन्सरचा स्वच्छपणा चांगला, रंग कुणाचे खरे, बारकावे कुणात जास्त. या प्रश्नांची उत्तरं मिळालेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती डिजिटलच्या बाजूची आहेत. कमी उजेडात, पळत्या जनावरामागे, दंगलीत, पुरात डिजिटल कॅमेरा जे टिपतो ते फिल्मला जमत नव्हतं. रघू राय यांनी अर्धं आयुष्य फिल्मवर काम केलं आणि तरीही डिजिटल आल्यावर त्याचं उघडपणे स्वागत केलं. खरा फरक बटण दाबल्यानंतर सुरू होतो. फोटो पुरा झाला हे कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि कशाच्या आधारावर ठरवतं, तिथे तो फरक आहे.

मी हे शिकलो साताऱ्यातल्या एका स्टुडिओत, १९८०च्या दशकाच्या शेवटी, शाळेच्या सुट्ट्यांमध्ये. काम हरकाम्याचं होतं. मे महिन्यात नळाचं पाणी तापलेलं असायचं आणि डेव्हलपर तर वीस अंशांच्या आसपास हवा. मी बर्फाच्या लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचो, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घमेल्यात ठेवायचा आणि डेव्हलपरची बाटली त्यात उभी करायची. पारा खाली येईपर्यंत कुणी रोलला हात लावायचा नाही. डेव्हलपर गरम राहिला तर निगेटिव्ह काळीकुट्ट होते आणि एखाद्या घरचं लग्न कायमचं वाया जातं. फिल्म फिरकीवर चढवायची ती मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. मग डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो. हायपोने चित्र पक्कं होतं हे जॉन हर्शेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिलं होतं आणि दीडशे वर्षांनी साताऱ्याच्या त्या खोलीत आम्ही त्याच क्षाराच्या वासात उभे होतो. धुतलेली फिल्म चिमट्यांनी दोरीवर टांगायची, खालच्या टोकाला आणखी एक चिमटा वजनासाठी.

डार्करूमबद्दल लिहिणारे सगळे जण एक प्रसंग हमखास लिहितात. लाल दिव्याखाली कोरा कागद ट्रेमध्ये पडतो आणि हळूहळू चेहरा वर येतो. तो क्षण सुंदर असतो यात शंका नाही, पण त्याची नवलाई आठवडाभराची. काम त्यानंतर सुरू होतं. मालक ओली प्रिंट ट्रेमधून उचलून काचेवर थापायचे, दार उघडून पांढऱ्या उजेडात न्यायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत. मग म्हणायचे, "कपाळ जळालंय" किंवा "शालू मेलाय". शालू मेलाय म्हणजे काळ्या भागात जरीची नक्षी दिसत नाही. पुन्हा आत. पुन्हा एन्लार्जर. तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात धरून साडीच्या भागावर सावली करायची, म्हणजे तो भाग कमी काळा पडतो. मग ओंजळीची भोकासारखी फट करून फक्त कपाळावर चार सेकंद जास्त उजेड द्यायचा. कागद महाग होता, तरी एका चांगल्या प्रिंटसाठी चार-पाच कागद जायचे. टाकाऊ प्रिंट मालक फेकायचे नाहीत. मागच्या बाजूला पेन्सिलीने सेकंद लिहून ठेवायचे.

हे सगळं करताना माणूस त्या एका चेहऱ्याकडे किती वेळ पाहतो याचा विचार करा. अर्धा तास, कधी तासभर. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडेही आपण सलग इतका वेळ पाहत नाही.

छायाचित्राच्या जन्मापासून हे दुसरं काम त्याच्या पोटात आहे. १८३९ मध्ये दागेर यांचं तंत्र जगापुढे आलं, त्यात चांदी चढवलेल्या पत्र्यावर एकच चित्र मिळे आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी दुसरी वाट काढली. आधी उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह, आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती. टॅलबट यांची वाट टिकली. तिच्यामुळे छायाचित्र काढणं ही दोन टप्प्यांची गोष्ट झाली आणि या दोन टप्प्यांच्या मध्ये माणसाला उभं राहायला जागा मिळाली.

या जागेचा सर्वांत कसून उपयोग करणारा माणूस म्हणजे अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. तरुणपणी ते पियानोवादक व्हायला निघाले होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं ते सांगत. आपल्याला हे समजायला पियानोपर्यंत जायची गरज नाही. बंदिश दोन-चार ओळींची असते, ती उभी करणं गायकाच्या हाती असतं आणि तोच गायक तीस वर्षांनी तीच बंदिश वेगळी गातो. अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. मावळतीचा उजेड खालच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरून सरकत होता, लाईट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा जो आकडा त्यांना पाठ होता त्यावरून त्यांनी हिशेब केला. निगेटिव्ह एकच. तिच्या हजारावर प्रिंट त्यांनी पुढच्या काही दशकांत काढल्या आणि सुरुवातीच्या प्रिंटमधलं राखाडी, ढगाळ आकाश नंतरच्या प्रिंटमध्ये गडद होत होत जवळजवळ काळं झालं. १९४१ मध्ये बटण दाबलं तेव्हा तो फोटो पुरा झाला नव्हता. प्रत्येक प्रिंटबरोबर तो पुरा होत होता, आणि प्रत्येक वेळी अ‍ॅडम्स यांना 'आता हाच' असं म्हणावं लागत होतं.

कुणी म्हणेल, हे डिजिटलमध्येही करता येतं. येतं, आणि जास्त चांगलं येतं. डिजिटल कॅमेऱ्याची रॉ फाईल ही निगेटिव्हच आहे. सेन्सरच्या प्रत्येक टिंबावर लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारच्या टिंबांवरून हिशेबाने भरले जातात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही युक्ती, तिचं पेटंट १९७६ चं. म्हणजे डिजिटल चित्रातही कॅमेऱ्याने जे पकडलं आणि आपण जे पाहतो त्यांच्यात एक मधली पायरी आहेच. संगणकावर जळालेलं कपाळ गडद करायला आणि शालू जिवंत करायला जी साधनं आहेत त्यांची नावंही डार्करूममधूनच आलेली आहेत. साधनं सगळी आहेत. मग गेलं काय?

माझ्या मते, थांबण्याची सक्ती गेली. डिजिटल फाईलला कुठेच थांबावं लागत नाही. तिच्यात आज केलेला बदल उद्या पुसता येतो, वीस आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात, तिन्हीसांजेचा फोटो दुपारचा करता येतो आणि पुन्हा तिन्हीसांजेचा. या सोयीत वाईट काही नाही. पण ज्याला शेवट करावा लागत नाही त्याला निवडही करावी लागत नाही. डार्करूममध्ये प्रत्येक कागदाला पैसे पडत, पाणी तापत जाई, रसायन थकत जाई. 'हाच' असं कधीतरी म्हणावंच लागे. छत्तीसातून चार निवडावे लागत. जे बत्तीस सोडले तेही शिकवून जात, कारण ते का सोडले हे स्वतःला सांगावं लागे.

इतिहासातला एक छोटा तपशील मला इथे फार बोलका वाटतो. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्र जेमतेम दहा हजार टिंबांचं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कॅसेटवर किती फोटो ठेवायचे हे ठरवताना त्यांनी तीस हा आकडा धरला. रोल तेव्हा २४ आणि ३६ चे मिळत, त्यांच्या मधला आकडा. यंत्र अगदी नवं होतं, पण ते बनवणाऱ्याच्या मनात फोटोंना अजून काठ होता. तो काठ नंतर गेला. कोडॅक कंपनी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर व्यवस्थापनाची पुस्तकं भरपूर आहेत. मला त्या तीस या आकड्याचंच जास्त वाटतं.

फिल्मची दुसरी अट म्हणजे वाट पाहणं. फोटो काढताना तो दिसत नाही. लग्नात आजचा फोटोग्राफर पाहा. दर क्लिकनंतर त्याची मान खाली जाते आणि ती खाली असतानाच वधूच्या वडिलांचा चेहरा बदलून जातो. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एका रोपट्याच्या वाढीवर चित्रपट करत होते. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत दिवसेंदिवस थोडी थोडी फिल्म खर्च केली. त्या सगळ्या दिवसांत आत काय उमटलं आहे हे पाहायची सोय नव्हती. शेवटी एकदाच कळणार होतं. फिल्मला काळोखात भोकं पाडण्याचं, रसायनं मिसळण्याचं आणि ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. घरच्या स्वयंपाकाबरोबर हेही. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या फुटांमागे एका बाईच्या बोटांचा अंधारातला अंदाज आहे. विश्वास या शब्दाचा अर्थ त्या कामात आहे असं मला वाटतं. समोर काय आहे हे नीट पाहायचं, आपण काय केलं आहे हे लक्षात ठेवायचं आणि निकालाची घाई करायची नाही.

इथे मला स्वतःलाच आवरायला हवं. त्या काळाची आठवण काढताना आपण फार गोष्टी विसरतो. आमच्या आजीचा एकच फोटो घरात आहे. तिच्या हयातीत तिचा वेगळा असा फोटो कुणी काढलाच नाही. ती गेल्यावर एका नातेवाइकाच्या लग्नातला ग्रुपफोटो शोधला, त्यात ती मागच्या रांगेत अर्धी झाकलेली होती. स्टुडिओने तेवढा चेहरा मोठा करून, ब्रशने डोळे आणि कुंकू काढून, मागे निळसर पडदा रंगवून दिला. भिंतीवरचा तो चेहरा निम्मा रंगवणाऱ्याचा आहे. महाराष्ट्रात असे फोटो घरोघरी सापडतील. फिल्म महाग होती म्हणून माणसं फोटोबाहेर राहिली आणि बाहेर राहिलेल्यांत बायका, गरीब आणि म्हातारे सगळ्यांत जास्त. आज शेतावर काम करणाऱ्या बाईकडेही नातवाचे शंभर फोटो आहेत. डिजिटलने हे केलं, आणि डार्करूमच्या कितीही सुंदर प्रिंटने या कामाचं मोल कमी होत नाही.

रंगीत फिल्मचा आणखी एक दोष फार उशिरा उघड बोलला गेला. लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅक जी नमुना छायाचित्रं पाठवत असे त्यांत कित्येक वर्षं गोऱ्या बायकाच होत्या. फिल्म आणि प्रिंट दोन्ही त्या कातडीच्या मापाने जुळवलेली. सावळ्या माणसाचा चेहरा त्यात एकतर मळकट व्हायचा नाहीतर काळोखात बुडायचा. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून स्टुडिओत 'जरा उजळ करून द्या' ही मागणी यायची आणि आम्ही ती पुरवायचो. माझ्या हातांनीही कितीतरी सावळ्या मुली गोऱ्या केल्या आहेत, स्थळासाठी. ते चूक होतं.

आणि फिल्म खोटं बोलत नाही ही समजूतही टिकणारी नाही. छायाचित्रकार रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठं दृश्य बनवलं होतं. फरक एवढाच की निगेटिव्ह ही वस्तू आहे, ती टेबलावर ठेवून 'हे बघा' म्हणता येतं. आज मोठ्या स्पर्धा त्याच हेतूने रॉ फाईल मागतात. संगणकाने बनवलेल्या चित्राला २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं आणि ते करणाऱ्या बोरिस एल्डागसेन यांनी ते नाकारलं. पुरावा हातात धरता येण्याची गरज संपलेली नाही, एवढं त्यातून दिसलं.

तर माझं म्हणणं फिल्मकडे परत चला असं नाही. फिल्म मोठ्या कारखान्यांवर जगते आणि कारखाने मरतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म आणि कागद एके काळी आपल्या स्टुडिओंचा आधार होता. तो कारखाना आज नाही. कोडॅक्रोम १९३५ ला आली, २००९ ला बंद झाली आणि ती धुणारी जगातली शेवटची लॅब २०१० च्या अखेरीस थांबली. त्यानंतर ज्याच्या घरी कोडॅक्रोमचा काढलेला रोल राहिला, त्याला त्यातले मूळ रंग पुन्हा कधीच दिसणार नाहीत. ज्या साधनाचं असं होऊ शकतं त्याला धर्म मानू नये.

जपायची गोष्ट प्रिंट आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून हौशी छायाचित्रकारांसाठी जो अल्बम काढला, त्याच्या अंकांमध्ये खऱ्या प्रिंट चिकटवलेल्या असत. मुंबईतल्या त्या काळच्या जातीजमातींच्या माणसांचे चेहरे आज आपण पाहू शकतो ते कागदावर होते म्हणून. माझ्या मोबाईलमध्ये एकोणीस हजार फोटो आहेत. हार्डडिस्क बंद पडली, पासवर्ड हरवला, कंपनीने खातं मिटवलं, तर त्यातलं काय उरेल याची मी कल्पनाही करू इच्छित नाही. आणि उरलं तरी एकोणीस हजारांतून माझ्या नातीला काय सापडणार?

म्हणून मी एक विधान करतो, ते माझ्या फिल्मप्रेमी मित्रांना आवडणार नाही. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून, त्यातून एक निवडून, पाच वेळा चाचणी प्रिंट काढून, प्रत्येक वेळी दारात नेऊन उजेडात पाहून, शेवटी सुती कागदावर चांगल्या शाईने एक प्रिंट काढणारा माणूस डार्करूमचा खरा वारस आहे. फिल्मवर काढून, स्कॅन मोबाईलवर पाहून, निगेटिव्ह लॅबमध्ये सोडून देणारा नाही. दाण्यांचा पोत आणि पिवळसर छटा ही फिल्मची कातडी आहे, ती आता एका बटणाने कुठल्याही फोटोवर चढवता येते. डार्करूममध्ये शिकलेलं पाहणं असं चढवता येत नाही.

एक मात्र खरं की हे पाहणं शिकायला आजही डार्करूमसारखी शाळा नाही. संगणकावर चूक पुसली जाते, ट्रेमध्ये चूक ओल्या कागदावर समोर पडून राहते. आपल्या कला महाविद्यालयांत ज्या थोड्या डार्करूम उरल्या आहेत त्यांचं कोठारात रूपांतर करू नये. मुलांना वर्षभरात तीनच प्रिंट काढू द्या, पण त्या स्वतः काढू द्या. खर्च फार नाही. एन्लार्जर भंगाराच्या भावात मिळतात, कृष्णधवल कागद आणि रसायनं आजही येतात. फक्त एवढं बघा की वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही. त्यात चांदी असते आणि ती पाण्यात जाऊ नये.

भाच्याला मी लॅबला फोन करायला लावला. निगेटिव्ह अजून होत्या, कुरिअरचे पैसे मी दिले. पायरीवर बसलेल्या त्याच्या बहिणीच्या फोटोची प्रिंट आम्ही मोरीत काढली, खिडकीला काळं कापड लावून. सहावा कागद बरा आला. पाचव्या कागदाच्या मागे त्याने स्वतःहून सेकंद लिहिले.

तुमच्याही माळ्यावर, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पाकिटात, जुन्या बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्ह असतील. एक पट्टी काढा, कडेला धरा, मधे बोट लावू नका, आणि खिडकीसमोर धरून पाहा. तिला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा पाया सडायला लागला आहे. ती इतर पट्ट्यांपासून वेगळी ठेवा आणि प्रिंट काढायची असेल तर आधी तिचीच काढा.